मगरिबच्या आधीची पाच मिनिटं

चोविसाव्या रोजाला, सूर्य नुकता वर येत असताना, सौसनने पट्टी कपात बुडवली आणि न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. पाच मिनिटांनी पाहिलं तर एकच रेघ. ठसठशीत, गुलाबी आणि एकटी. अशी एकटी रेघ तिने सहा वर्षांत इतक्या वेळा पाहिली होती की आता ती ओळखीची वाटायला लागली होती. तिने पट्टी कागदात गुंडाळली, कागद पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली. एवढा बंदोबस्त लोक सोन्याचाही करत नाहीत. पण सौसनला अनुभव होता.

तो अनुभव असा. दोन वर्षांपूर्वी अशीच एक एकटी रेघ आलेली पट्टी तिने न्हाणीघराच्या खिडकीत ठेवून दिली आणि ती बाजारात गेली. दुपारी तिची सासू इन्शिराह कपडे धुवायला वर आली. तिने पट्टी पाहिली, डोळ्यांपाशी नेली, उजेडात धरली आणि तिला दुसरी रेघ दिसली. फिकट, राखाडी, पण रेघ. मग काय विचारता. इन्शिराहने गच्चीत जाऊन जीभ हलवत आनंदाची जी जगारीत ठोकली, ती नाईलकाठच्या दुमयात शहरातल्या त्या गल्लीत दोन्ही टोकांना ऐकू गेली. सौसन कोथिंबिरीची जुडी घेऊन परत आली तेव्हा दारात सरबताचे पेले फिरत होते आणि शेजारणी तिच्या गालांचे मुके घेत होत्या. समुद्रकाठच्या रास अल्-बर्रहून नवऱ्याची, रिफअतची, आत्या सहा कबुतरं घेऊन आली, पोटात भात भरून भाजायला. तीन दिवसांनी रक्ताच्या तपासणीत शून्य आलं.

बातमी पसरवायला एक दुपार लागली होती, परत घ्यायला महिना लागला. दारोदार जाऊन सांगायचं तरी काय? काही बायका आपणहून गप्प झाल्या, काहींना कुणी सांगितलंच नाही, आणि त्या चार महिन्यांनीही सौसनच्या पोटाकडे बघून हसायच्या. तेव्हापासून सौसनने मनाशी पक्कं केलं होतं की पुन्हा असं काही झालंच, तर रक्ताचा आकडा हातात येईपर्यंत वाऱ्यालाही पत्ता लागू द्यायचा नाही. आणि तेव्हापासून इन्शिराह, जी एरवी तिन्ही मजले दिवसातून चारदा चढायची, ती सुनेच्या दाराशी फिरकली नव्हती. गुडघे दुखतात म्हणायची. गुडघे दुखत होतेच म्हणा, पण ते आधीही दुखायचे.

तर या वेळची गोष्ट वेगळी होती. पाळी चार दिवस पुढे गेली होती. सौसनच्या पाळीचा काही भरवसा नव्हता, कधी चार दिवस तर कधी बारा, त्यामुळे तिने त्याचं फार मनावर घेतलं नव्हतं. मन्सुऱ्या शहरातल्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, "घरी तपासून बघ. नसेल तर उद्यापासून गोळ्या सुरू कर. पाळी येईल, मग ईदनंतर नळ्यांचा एक्स-रे काढू." नळ्यांमध्ये रंग सोडून काढायचा तो एक्स-रे. ज्यांनी काढला होता त्या बायका त्याबद्दल बोलताना आवाज खाली करत. सौसनला त्याची भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती होती ती एक्स-रेनंतर डॉक्टर काय म्हणतील याची. सहा वर्षं ती "अजून नाही" या शब्दांवर जगत होती. कुणी "कधीच नाही" म्हणालं तर काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं.

दहा वाजता ती गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेली. दुकान डॉक्टर इरीनीचं. गल्लीत ताप कुणाचा, खोकला कुणाचा, भांडण कुणाचं, सगळ्याची पहिली खबर तिला. काउंटरमागे ख्रिस्ती घरांत असते तशी मरियमची तसबीर, शेजारी गल्लीने दिलेला रमजानचा कंदील, आणि त्या दोघांच्या मधे इरीनी, नाकावर घसरलेला चष्मा लावून.

"या गोळ्या द्या," म्हणत सौसनने चिठ्ठी पुढे केली.

इरीनीने चिठ्ठी वाचली आणि चष्म्यावरून पाहिलं. "तपासलंस?"

"तपासलं. एकच रेघ."

"कधी?"

"आज सकाळी. कागदावर लिहिलंय तसंच. सकाळची पहिली."

"सकाळची पहिली," इरीनी म्हणाली आणि गोळ्यांच्या खणाकडे वळलेला हात तिने मागे घेतला. "म्हणजे किती वाजता गं?"

"सहाला. ऊन आलं तेव्हा."

"आणि सहरीला कधी उठलीस?"

"साडेतीनला."

"उठल्याउठल्या कुठे गेलीस?"

सौसनला हसूही आलं आणि लाजही वाटली. दुकानात औषधाच्या खोक्यांशिवाय कुणी नव्हतं, तरी तिने मागे वळून पाहिलं. "कुठे जातात उठल्याउठल्या?"

"तिकडेच जातात. बरोबर. आणि मग सहरीला काय प्यायलीस?"

"पाणी."

"किती?"

"तीन पेले. दिवसभर तहान लागू नये म्हणून. मग कमरुद्दीनचं, जर्दाळूचं सरबत, ते रिफअतने उरवलं होतं म्हणून. मग दही. मग चहा, झोप जावी म्हणून. आणि अजानच्या आधी घाईघाईने आणखी एक पेला, शेवटचा."

इरीनीने चिठ्ठी काउंटरवर ठेवली, चष्मा काढून तिच्यावर ठेवला आणि हसायला लागली. ती हसली की तिचे खांदे हलत. "बाई गं," ती म्हणाली, "रात्रभर जमवलेला मुद्देमाल तू साडेतीनला फेकून दिलास. त्यानंतर पोटात नाईल ओतलीस. आणि त्या नाईलमध्ये पट्टी बुडवून तिला विचारतेस, काही दिसतंय का म्हणून. तिला काय दिसणार? पाणी दिसलं."

"पण सकाळ तर सकाळच ना?"

"तो कागद लिहिणाऱ्याची सकाळ. तो माणूस रात्री अकराला झोपतो, सातला उठतो, मधे थेंब पीत नाही. रमजानात तुमची कसली सकाळ? तुमची रात्र म्हणजे दिवस आणि दिवस म्हणजे रात्र. या महिन्यात माझ्याकडे तू पाचवी आहेस असं तपासणारी." इरीनीने हसू आवरलं. "ऐक. गर्भ राहिला की शरीर एक रस तयार करतं. सुरुवातीला अगदी थोडा, आणि दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट. पट्टी तोच शोधते. तो पुरेसा दाट असेल तर रेघ उमटते. लवकर तपासलं किंवा पाणी जास्त झालं, तर असूनही उमटत नाही. म्हणून पट्टी 'नाही' म्हणाली तर लगेच विश्वास ठेवायचा नाही, दोन दिवसांनी पुन्हा विचारायचं."

"आणि 'हो' म्हणाली तर?"

सौसनने हे फार हळू विचारलं. इरीनीला ती दोन वर्षांपूर्वीची गोष्ट माहीत होती. गल्लीत ती कुणाला माहीत नव्हती?

"'हो' सहसा खरं असतं," इरीनी म्हणाली. "वेळेत म्हणाली तर. पाच मिनिटांत दिसली ती रेघ, कितीही फिकट असो, रेघच. फिकट म्हणजे थोडं, फिकट म्हणजे खोटं नाही. पण दहा मिनिटांनंतर दिसली तर तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. ती वाळल्याची खूण. कपड्यावर पाणी सांडून सुकलं की कड राहते ना, तशी. राखाडी दिसते. तुझ्या सासूने त्या दिवशी तीच पाहिली. तिचाही काही दोष नाही, तिला कुणी सांगितलं होतं?"

दोन वर्षं सौसनने हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. ती रेघ आली कुठून, आपल्याच शरीराने आपल्याला फसवलं का, हे ती रात्री-अपरात्री स्वतःला विचारत आली होती. आणि उत्तर इथे, घरापासून साठ पावलांवर, सर्दीच्या बाटल्यांमागे बसलेलं होतं.

"गोळ्या आज देत नाही," इरीनी म्हणाली. तिने खणातून एक पट्टी काढून सौसनच्या मुठीत कोंबली. "तुझा आज रोजा आहे. संध्याकाळपर्यंत तू पाण्याचा थेंब घेणार नाहीस. सगळ्या दुनियेत आज तुझ्याइतका दाट नमुना कुणाकडे नसेल. दुपारपासून जमेल तेवढं अडवून धर आणि मगरिबच्या आधी तपास. पाणी प्यायच्या आधी, कळलं? पाच मिनिटं मोजायची. घड्याळावर, मनात नाही."

"मगरिबच्या आधी? त्या वेळी तर सासूच्या स्वयंपाकघरात चूल, सूप, तळण..."

"मग तळण करपू दे. मीसुद्धा उपवासातच आहे, आमचा मोठा उपवास चालू आहे, पंचावन्न दिवसांचा. तुमचं संध्याकाळी सुटतं तरी. जा आता."

दुपारी चारपासून सौसन तळमजल्यावर, इन्शिराहच्या स्वयंपाकघरात होती. रोजचा इफ्तार तिथेच व्हायचा. दोघी पाठीला पाठ लावून काम करत आणि लागेल तेवढंच बोलत. "मीठ दे." "घ्या, आई." "चाळणी कुठंय?" "तिथंच आहे." पूर्वी या स्वयंपाकघरात इतकं बोलणं व्हायचं की भात करपायचा. गेली दोन वर्षं भात अगदी मोकळा होत होता.

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी सौसनने हात पुसले. मगरिबला, म्हणजे रोजा सुटायला, वीस मिनिटं होती.

"मी जरा वर जाऊन येते, आई. ओढणी राहिली."

इन्शिराह समोसे तळत होती. ओढणी सौसनच्या डोक्यावर होती. इन्शिराहने ओढणीकडे पाहिलं, समोसा उलटला आणि म्हणाली, "जा, जा."

तीन जिने सौसन कशी चढली तिचं तिला ठाऊक. दुपारी बारापासून तिने अडवून धरलं होतं, आणि तशा अवस्थेत जिने चढणं म्हणजे काय हे ज्याने केलं त्यालाच कळेल. न्हाणीघरात पोचून तिने कप धरला, पट्टी बुडवली, आडव्या कडेवर ठेवली आणि फोनचं घड्याळ लावलं. पाच मिनिटं. मग तिने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी तिने एक नवस बोलला, मग तो जास्त झाला असं वाटून अर्धा परत घेतला. मग वाटलं परत घेणं बरं नाही, म्हणून पुन्हा पुरा केला.

बाहेर गल्ली शांत होत चालली होती. त्या वेळी दुमयातमध्ये रस्त्यावर माणूस दिसत नाही, प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या ताटापुढे बसून घड्याळ बघत असतो. सुतारांच्या यंत्रांचा आवाज थांबला होता. सौसनने डोळे उघडले. तिसरं मिनिट संपत होतं. पहिली रेघ आपल्या जागी होती, नेहमीसारखी ठसठशीत. आणि तिच्या शेजारी...

तिने पट्टी हातात घेतली. डोळ्यांपाशी नेली. लांब धरली. दिव्याखाली धरली, मग खिडकीपाशी. होती. फिकट होती, एखाद्या पोराने पेन्सिल न दाबता ओढावी तशी, पण गुलाबी होती आणि वरपासून खालपर्यंत सलग होती. सौसन आयुष्यात इतकी घाबरली नव्हती. तिने घड्याळ पाहिलं, चार मिनिटं दहा सेकंद. "वेळेत आहे," ती मोठ्यांदा म्हणाली, जणू कुणी तिच्याशी वाद घालत होतं. "वेळेत आहे ना? मग?" मग तिला वाटलं की आपल्याला दिसावं म्हणून दिसतंय. सासूलाही त्या दिवशी असंच दिसलं असेल. तिने पट्टी खाली ठेवली, भिंतीकडे पाहिलं, मनात दहा अंक मोजले आणि पुन्हा पाहिलं. रेघ तिथेच होती, किंचित आणखी गडद झालेली.

ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली. अजान झाली ती तिला ऐकू आली, पण त्याचा आपल्याशी काही संबंध आहे हे तिच्या लक्षात आलं नाही. खालून रिफअतची हाक आली, "सौसन, सूप निवतंय." तीही ऐकू आली. ती हलली नाही. हललं तर रेघ जाईल असं तिला वाटत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. जिन्यावर पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली, पुन्हा थांबली. दर मजल्यावर एक मोठा सुस्कारा. मग दारावर टकटक झाली. या दारावर दोन वर्षांत त्या हाताने टकटक केली नव्हती.

"सौसन," इन्शिराहचा आवाज आला. धाप लागलेली. "अजान होऊन दहा मिनिटं झाली. रोजा सोड गं बाई. मी आत येत नाही, दाराशी ठेवते."

सौसनने दार उघडलं. इन्शिराहच्या एका हातात पाण्याचा पेला होता, दुसऱ्यात बशी आणि बशीत तीन खजूर. तीन जिन्यांत अर्धं पाणी सांडलं होतं. तिचा स्वतःचाही रोजा सुटला नव्हता. ओठ कोरडे पडले होते.

"काही झालं का?" तिने विचारलं, आणि मग तिची नजर सौसनच्या हाताकडे गेली.

सौसनला पट्टी लपवायची होती. दोन वर्षांचा निश्चय तोच तर होता. पण हाताने ऐकलं नाही. हात पुढे झाला.

इन्शिराहने पट्टी हातात घेतली नाही. पेला आणि बशी जमिनीवर ठेवून तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि वाकून पाहिलं, शाळेतली मुलं काचेच्या पेटीतली वस्तू पाहतात तसं. मग तिचा चेहरा बदलला. गाल फुगले, गळ्यात काहीतरी वर चढलं. सौसनला कळलं आता काय येणार. आणि तेवढ्यात इन्शिराहने पाठीमागचा एक हात काढून स्वतःच्या तोंडावर गच्च दाबला. दुसरा हात त्याच्यावर. तिचे डोळे एवढे मोठे झाले आणि पाण्याने भरले. तशीच ती भिंतीला टेकून उभी राहिली, सगळी हलत.

"आई, श्वास घ्या," सौसन म्हणाली.

हात काढल्यावर इन्शिराह कुजबुजली, "कधीची आहे ही? किती वेळाने दिसली?"

"चार मिनिटांत. वेळेतली आहे. डॉक्टर इरीनी म्हणाल्या, वेळेतली खरी."

"गुलाबी आहे," इन्शिराह म्हणाली. "ती राखाडी होती."

मग इन्शिराहने खजूर उचलून सुनेच्या तोंडाशी धरला. "मला वाटतच होतं," ती म्हणाली. "मी मोजत होते."

"काय मोजत होतात?"

"तुझे रोजे. दरवर्षी तुझे पाच-सहा सुटतात, पाळीच्या दिवसांत. नमाजेला उठत नाहीस, दुपारी स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून पावाचा तुकडा खातेस. तुला वाटतं मला दिसत नाही. या वर्षी चोवीसच्या चोवीस झाले. विसाव्यापासून मी रोज दुपारी बघतेय, आज सुटतो का, आज सुटतो का. कुणाला म्हणजे कुणाला बोलले नाही. रिफअतलासुद्धा नाही. जीभ चावून चावून जखम झाली."

सौसन रडायला लागली. आणि रडता रडता तिला हसू आलं, कारण इन्शिराहने खरोखरच जीभ बाहेर काढून दाखवली.

"मी त्या वेळी तुझं हसं केलं," इन्शिराह म्हणाली. "कशी माफी मागावी तेच मला कळलं नाही. म्हणून वर यायचं सोडलं."

"त्यापेक्षा वर येऊन माफी मागितली असतीत तर गुडघे तरी चालते राहिले असते, आई."

खालून रिफअतचा आवाज आला. "अरे, मी एकट्याने जेवायचं आहे का? का मीही वर येऊ?"

"जेव तू," इन्शिराह जिन्यावरून ओरडली. "तुझ्या बायकोची ओढणी सापडत नाहीये." मग चपापून सुनेकडे वळली. "रोजाच्या दिवशी खोटं बोलले."

"रोजा सुटलाय, आई. मगरिब झाली."

"माझा कुठे सुटलाय?" इन्शिराह म्हणाली, आणि मग दोघींनी न्हाणीघराच्या दारात बसून त्या सांडून उरलेल्या अर्ध्या पेल्यात रोजा सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौसनने रक्त दिलं. अकरा वाजता आकडा आला, चौऱ्याण्णव. मन्सुऱ्याचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "मुबारक. गोळ्या फेकून दे. दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपास, दुप्पट झाला पाहिजे." (झाला. दुप्पटीहून थोडा जास्तच. पण ते नंतर.) "आणि रोजे आजपासून बंद. सहा वर्षांनी आलंय, त्याला उपाशी ठेवायचं नाही. भरपूर खा, भरपूर पाणी पी."

ती तशीच रिफअतच्या कारखान्यात गेली. रिफअत सोफ्यांना कापड चढवायचा. ईदनंतरच्या लग्नांचं काम अंगावर पडलं होतं आणि त्याने दातांत आठ-दहा टाचण्या धरल्या होत्या, त्या धंद्यातले सगळेच धरतात तशा. सौसनने कागद त्याच्यापुढे धरला. त्याने आकडा वाचला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा आकडा वाचला. तोंड उघडता येत नव्हतं. तो अर्ध्या झालेल्या सोफ्यावर बसला, एकेक टाचणी मोजून तळहातावर काढली. मग त्याने कागदाची घडी घातली आणि ती शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली.

"कुणाला सांगायचं नाही," सौसन म्हणाली. "दुसरा आकडा येईपर्यंत. आपण तिघं."

"तिसरं कोण?"

"तुझी आई."

"मग संपलंच," रिफअत म्हणाला. पण हसत म्हणाला.

इन्शिराहला मात्र गप्प बसणं आता येत होतं. तिने बोटाने ओठांवर शिक्का मारून दाखवला, स्वयंपाकघराचं दार लावलं, इमारतीच्या मधल्या डक्टकडची खिडकी लावली आणि सुनेला स्टुलावर बसवलं. दुपारचा एक वाजला होता. डॉक्टर म्हणाले खा, म्हणजे खायचं. आणि खायचं म्हणजे कालचा उरलेला पावाचा तुकडा नाही, हे इन्शिराहचं म्हणणं.

"आई, फक्त चीज-पाव द्या. तुमचा रोजा आहे, तुम्ही कशाला चुलीपुढे उभ्या राहता?"

"माझा रोजा आहे, माझ्या हातांचा नाही," इन्शिराह म्हणाली. तिने कोंबडीचं पाणी उकळत ठेवलं, फ्रीजरमधली मुलुखियाची चिरलेली पानं त्यात सोडली, आणि दुसऱ्या शेगडीवर तूप चढवून लसूण-धण्याची फोडणी टाकली. लसूण तांबूस होत आला तसा वास असा काही भरला की बंद खोलीत श्वास कोंडला. इन्शिराहने न कळत खिडकी चार बोटं उघडली. आणि फोडणी हिरव्या पातळ भाजीत ओतताना, पन्नास वर्षं ओढत आली तसा, एक लांबलचक, दचकल्यासारखा श्वास आत ओढला. त्याशिवाय मुलुखिया जमत नाही, असं तिची आई म्हणायची आणि दुमयातची प्रत्येक बाई म्हणते.

त्या डक्टमध्ये चार मजल्यांची आठ स्वयंपाकघरं उघडत होती. रमजानच्या पंचविसाव्या दिवशी, दुपारी सव्वा वाजता, लसणाची फोडणी आणि तिच्यावरचा तो श्वास आठही घरांत पोचला.

आधी वरचं एक भांडं थांबलं. मग कुणाचा तरी नळ. मग तिसऱ्या मजल्यावरची हाज्जा नफीसा, जिच्या बोलण्याला सगळी इमारत टरकून असायची, खिडकीतून डोकावली. "इन्शिराह," तिचा आवाज खाली आला. "तुझं घड्याळ बिघडलंय का गं?"

इन्शिराहच्या हातात रिकामी कढई तशीच राहिली. रोजा होता. खोटं बोलता येत नव्हतं, खरं सांगायचं नव्हतं. तिने सुनेकडे पाहिलं, अगदी पकडल्या गेलेल्या पोरीसारखं. "मी काही बोलले नाही," ती पुटपुटली. "शपथेवर सांगते, मी एक शब्द बोलले नाही."

वर खिडक्या उघडत होत्या. एक, दोन, आणखी एक. सौसनने चमचा खाली ठेवला. भर रमजानात दुपारी सासू कुणासाठी रांधतेय हे कुणीही ओळखेल, तिला वाटलं. आता हाका येतील, जगारीत येईल, सरबत येईल, आत्या येईल. आणि दुसरा आकडा अजून यायचा होता. ती खिडकीकडे पाठ करून बसली आणि वाट बघू लागली.

वर बायका नुसत्या उभ्या होत्या, हे त्यांच्या बांगड्यांवरून कळत होतं.

"इन्शिराह," हाज्जा नफीसा शेवटी म्हणाली. आवाज बदलला होता, नेहमीचा करडेपणा कुठे गेला होता. "लिंबू आहे का घरात? लिंबाशिवाय मुलुखिया खाऊ घालू नको."

"नाही," इन्शिराह म्हणाली. हे खरं होतं.

वरून दोरी सुटली. टोपली भिंतीला आपटत खाली आली आणि खिडकीशी थांबली. तिच्यात दोन ताजी लिंबं होती आणि बरणीतली मुरलेली चार, एका वाटीत. टोपली पहिल्या मजल्यापाशी येताना एका हाताने तिच्यात कापडात गुंडाळलेली भाकरी टाकली होती. तो हात कुणाचा ते दिसलं नाही. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी पोराला दटावलं, "चल आत, बघण्यासारखं काही नाही तिकडे." आणि मग एकेक खिडकी लागत गेली. हळूच, आवाज न करता, आत कुणी निजलं असल्यासारखी. कुणी मुबारक म्हटलं नाही. कुणी विचारलं नाही.

सौसनला वाटत आलं होतं की त्या दिवसाची लाज तिच्या एकटीची होती. आज कळलं की ती आठही घरांनी वाटून घेतली होती, आणि दोन वर्षं जपून ठेवली होती. तिने लिंबू पिळलं. भाकरी मोडली. पहिल्या घासाला डोळ्यांतलं पाणी ताटात पडलं, दुसऱ्या घासापासून भूक लागली, आणि मग ती अशी जेवली की इन्शिराहने आणखी दोनदा वाढलं. इन्शिराह, कोरड्या ओठांची, समोर बसून तिच्या घासागणिक आपलं तोंड हलवत होती.

ताट संपल्यावर सौसन उठली. खिडकीपाशी गेली, ती पुरी उघडली आणि वर पाहिलं. सगळ्या खिडक्या बंद होत्या. प्रत्येकीमागे कुणीतरी उभं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. न सांगण्याचा निश्चय तिचा होता, पण आता तिलाच राहवेना.

"हाज्जा," ती म्हणाली, "लिंबं फार छान होती."

मग एका बंद खिडकीमागे कुणीतरी हसलं, मग दुसरीमागे, आणि तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला.

"बरणीभर आहेत, पोरी. आठ महिने पुरतील."